आंब्याची खोली

प्रज्योतची गाडी वाडीच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत आली तेव्हा सुचिता मागच्या पडवीत कडवे वाल सोलत होती. शनिवारी तो कधी यायचा नाही. न्हावा शेव्याला कंटेनरची घाई नेमकी शनिवारीच असते, हे त्याचं ठरलेलं उत्तर. आईच्या वर्षश्राद्धालासुद्धा तो पानं मांडून झाल्यावर पोचला होता. म्हणून गाडीचा आवाज ओळखू आला तशी सुचिताने हातातल्या शेंगा परातीत टाकल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती पुढे आली.

ओटीवर सासरे बुधाजी आंबे उतरवायच्या झेल्याला नवी जाळी बांधत बसले होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "कोन, पज्या?"

"मीच, आबा." प्रज्योतने चपला काढल्या, पाणी घटाघटा प्यायला आणि तांब्या सुचिताच्या हातात परत देत म्हणाला, "वैनी, दादाला बोलव. उद्या बाई येतेय."

"कोण बाई?"

"तपासणीची. बुधवारी येणार होती, आता उद्याच येते म्हणाली."

कोणती तपासणी ते घरात सगळ्यांना माहीत होतं. वाडीतला हापूस परदेशी पाठवायचा, हे प्रज्योतचं गेल्या सीझनपासूनचं स्वप्न. माल घेणारी पार्टी त्यानेच गाठली होती, बंदरातली ओळख वापरून. पाणी तपासून झालं, माती तपासून झाली, कोणतं औषध कधी मारलं त्याच्याही नोंदी पसंत पडल्या. राहिली होती एकच गोष्ट: वाडीत कामाला राहणारी माणसं कुठे झोपतात ते. परदेशातली गिऱ्हाइकं तेही विचारतात म्हणे. खोलीला खिडकी हवी, औषधं वेगळी हवीत, संडास हवा, प्यायचं पाणी झाकलेलं हवं. दिवाळीत सुचिताचा नवरा दत्तात्रेय म्हणाला होता, "बांधू की. पावसाळा सरलाय, गवंडी मोकळा आहे." गवंडी आलाही. पण त्याच सुमारास काशीद-मुरुडकडे पर्यटकांची अशी रीघ लागली, की माडांखाली उभ्या राहिल्या त्या पाहुण्यांसाठीच्या दोन खोल्या. दारावर पाटी लागली, 'सत्यवती'. सासूबाईंचं नाव. गड्यांची खोली मागे राहिली, ती राहिलीच.

दत्तात्रेय वरच्या कलमांतून खाली आला तो गळ्यात फडका अडकवून. अंगाला औषधाचा उग्र दर्प येत होता. भावाचं ऐकून तो पायरीवरच बसला.

"उद्या? उद्या काय दाखवणार तिला?"

"तेच सांगायला आलोय." प्रज्योत त्याच्याजवळ उकिडवा बसला. "नवीन खोल्या आहेत ना. चंदर आणि कमळला आजच तिथं हलवू. कपडे बाहेर दोरीवर टाकू, चूल मागं मांडू. बाई बघेल, सही करेल, जाईल. सोमवारी परत सगळं होतं तसं."

"आईच्या नावाच्या खोलीत?" दत्तात्रेयचा आवाज चढला. "अजून एक पाहुणा झोपला नाही तिथं. पुढच्या शनिवारी पुण्याचे लोक येतायत. आणि गडी झोपवू आधी?"

"एका दिवसाने खोली झिजत नाही, दादा. मी शब्द दिलाय तिकडं. सांगून बसलोय, की माणसांची सोय झालेली आहे."

"मला न विचारता?"

"तू दिवाळीत बांधतो म्हणालेलास!"

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. लहानपणी कैरीच्या फोडीवरून भांडायचे, तेव्हाही असेच बघायचे, म्हणून सुचिताला सासूबाई सांगायच्या. एवढ्यात बुधाजींनी जाळीची गाठ दाताने आवळली आणि म्हणाले, "त्या शेडला काय झालं? चिऱ्याची भिंत हाय. मी सोता बांधलीय ती. माझ्या हातची हाय. आमच्या येळी गडी गवताच्या खोपीत राहायचे. यांना पक्कं घर दिलंय नि वरून बाई येनार ते बघायला!"

आबांना कोणी उत्तर दिलं नाही. आणि गंमत अशी, की ती गप्प बसण्याची जुनी सवयच दोन भावांना एकत्र घेऊन आली. दत्तात्रेयने फडक्याने मान पुसली. "एकच दिवस," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी खोल्या धुवून घ्यायच्या."

"एकच दिवस," प्रज्योत म्हणाला आणि सुचिताकडे वळला. "वैनी, कमळला तू सांग. तुझं ऐकते ती."

सुचिता लग्न होऊन आली तेव्हा प्रज्योत सातवीत होता. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, तापात त्याच्या कपाळावरची पट्टी हे सगळं तिने केलेलं. तो काही मागायला लागला की तिचा हात आपोआप पुढे व्हायचा. आताही झाला. "सांगते," ती म्हणाली.

शेड वाडीच्या वरच्या अंगाला, उताराच्या पोटाशी होती. चंदर नेपाळातून पहिल्यांदा एकटा आला त्या वर्षापासून तिथंच राहायचा. मग लग्न करून कमळला घेऊन आला. तिचं खरं नाव कमला. पण बुधाजींनी पहिल्याच दिवशी 'कमळ' म्हणून हाक मारली आणि तेच राहिलं. पावसाळ्यात गावी जाऊन ती परतली ती कडेवर मुलगी घेऊन. तिला दोघं 'सानू' म्हणायची. सानू म्हणजे त्यांच्या बोलीत लहानगी, हे कळायला घरच्यांना बरेच दिवस लागले. तोवर सगळ्यांना ते पाळण्यातलं नावच वाटत होतं.

सुचिता शेडच्या दारापर्यंत कितीदा तरी गेली होती. भाजी द्यायला, निरोप सांगायला, बाळाला जुनी दुपटी द्यायला. पण दरवेळी कमळच लगबगीने बाहेर यायची, दारात पदर सावरत उभी राहायची आणि बोलणं तिथंच व्हायचं. त्या दिवशी दार उघडं होतं आणि कमळ विहिरीवर गेली होती. आतून सानूच्या खोकल्याचा आवाज आला. सुचिता वाकून आत गेली.

पहिल्यांदा तिला काही दिसलंच नाही. मग डोळे सरावले. एका भिंतीला फवारणीचे पंप, औषधाचे डबे, बुरशीवरच्या पावडरीची पोती. दुसऱ्या भिंतीला आंब्याचे खोके उलटे मांडून त्यावर अंथरलेली गोधडी. आणि मधोमध, पत्र्याखालच्या वाशाला बांधलेली साडीची झोळी. झोळीत सानू खोकत होती. डोळे मिटलेले, गाल लाल, कपाळावर घामाने केस चिकटलेले. पत्रा वरून तापलेला. खिडकी नाही. सुचिताने श्वास घेतला आणि तिच्या घशात काहीतरी टोचलं. नवऱ्याच्या अंगाला येतो तोच दर्प. पण तो घरी येऊन आंघोळ करतो.

तिने झोळीतून बाळाला उचललं आणि बाहेर सावलीत आणलं. सानूने डोळे उघडले, अनोळखी बाईकडे क्षणभर बघितलं आणि तिच्या मंगळसूत्राला हात घातला.

हंडा घेऊन कमळ वर आली. मालकीणबाईच्या खांद्यावर आपलं लेकरू बघून ती घाबरली. "क्या हुआ, वैनी? रोयी क्या?"

"नाही गं. खोकत होती. कधीपासून खोकते?"

"ये तो हमेशा." कमळने हंडा उतरवला. "दवाई मारते ना झाडाला, तब जास्ती. बाद में कमी होता."

"कमळ, ऐक. तुम्ही दोघं आज नवीन खोलीत या. माडाखालच्या."

"झाडू मारने के लिए?"

"नाही. राहायला."

कमळच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलं नाही. मग तिने हात साडीला पुसले, परत पुसले. "हम? वहां?"

आता म्हणायचं होतं, 'उद्यापुरतं.' शब्द सुचिताच्या जिभेवर होता. सानूने मंगळसूत्र तोंडात घातलं होतं, त्याची लाळ सुचिताच्या गळ्यावर ओघळत होती. "हो," ती म्हणाली. "सामान आण. मी खोली उघडते."

सामान ते काय असणार! दोन पिशव्या, भांड्यांचं बोचकं, देवाची तसबीर आणि झोळीची साडी. चंदरने एका खेपेत सगळं आणलं. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, आणि त्याने सुचिताच्या नजरेला नजरही दिली नाही. कमळ मात्र दारात चप्पल काढून आत गेली. फरशीवर अनवाणी पाय ठेवताना तिने बोटं आवळून घेतली. खिडकी उघडली तशी माडांतून खारा वारा आत आला. खाडीकडचा भरतीचा वारा, चारच्या सुमाराला येतो तो. पलंगाकडे ती गेलीच नाही. फरशीवर गोधडी घातली आणि खिडकीखाली सानूला निजवलं.

संध्याकाळी सुचिता भाताचं पातेलं घेऊन गेली तेव्हा सानू झोपली होती. हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना टाकून, तोंड किंचित उघडं. सुचिता उभी राहून ऐकत राहिली. श्वास येत होता, जात होता. खोकला नव्हता.

"सांगितलंस ना, उद्यापुरतंच म्हणून?" जेवताना दत्तात्रेयने विचारलं.

"भात वाढू का अजून?" सुचिता म्हणाली.

तपासणीची बाई सकाळी अलिबागकडून आली. हेमाली नाव तिचं. वयाने तिशीचीही नसेल. पाठीला सॅक, पायात बूट, बोलणं मऊ. चहा आधी नको म्हणाली, नंतर घेईन म्हणाली. विहीर बघितली, संडास बघितला, औषधं कुठे ठेवता विचारलं. दत्तात्रेयने बैलांच्या रिकाम्या गोठ्याला नवं कुलूप लावून रातोरात सगळे डबे तिथे हलवले होते, ते दाखवलं. तिने मान डोलावली. मग सगळे माडांखालच्या खोलीपाशी आले.

"छान आहे," हेमाली आत बघत म्हणाली. मनापासून म्हणाली. "अशी खोली मी अजून कुठल्या वाडीत बघितली नाही." प्रज्योतच्या चेहऱ्यावर उजेड पडला. हेमाली दारातच खाली बसली, सानूसमोर बोट नाचवलं आणि कमळला विचारलं, "कितने दिन से रहती हो इधर, दीदी?"

"सीझन सुरू झाल्यापासून," प्रज्योत म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय."

कमळने चंदरकडे बघितलं. चंदर जमिनीकडे बघत होता. मग तिने सुचिताकडे बघितलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, मागणंही नव्हतं. 'काय म्हणू?' एवढंच होतं त्यात, जसं ती रोज विचारायची, 'वैनी, कोणता कांदा काढू?' सुचिताला दिसलं की तिचे ओठ हलायला लागलेत. सकाळी प्रज्योतने पाठ करून घेतलेलं उत्तर त्यावर येतंय.

"कालपासून," सुचिता म्हणाली.

वाडीत कुठेतरी माडाची झावळी पडली, तिचा आवाज आला. दत्तात्रेयने तिच्या दंडाला हात लावला, मग काढून घेतला.

"कालपासून आहेत इथं," सुचिता पुन्हा म्हणाली. "त्याआधी वरच्या शेडमध्ये होती. औषधं पण तिथंच असायची. चला, दाखवते."

हेमालीने शेड बघितली. आत जाऊन आली, बाहेर उभी राहून फोटो काढले. रागावली नाही, उपदेशही केला नाही. त्याने सगळ्यांना जास्तच लाजल्यासारखं झालं. निघताना चहा घेतला आणि म्हणाली, "मी जे बघितलं ते मला लिहावं लागेल. तुम्ही आपणहून सांगितलंत, हेसुद्धा लिहीन. नीट सोय झाली की कळवा, मी परत येईन. पण तोपर्यंत इथला माल त्यांना उचलता येणार नाही."

तिची गाडी बेड्याबाहेर जाईपर्यंत प्रज्योत हसत उभा होता. मग त्याचं हसू गेलं.

"वैनी, का केलंस असं?"

"तिच्या तोंडून खोटं वदवून घेणार होतो आपण, पज्या."

"एक शब्द! एका शब्दाचं काम होतं. मी तिकडं काय तोंड दाखवू? आईनंतर या घरात मी कुणाचं ऐकत असेन तर तुझं. आणि तू परक्या बाईसमोर मला खोटं पाडलंस."

"बस आधी. जेवून जा. वालात कोलंबी घातलीय तुझ्यासाठी."

त्याने गाडीची चावी उचलली. "दादा, तुझ्या बायकोला विचार, पहिला तोडा आता कुणाला घालायचा ते." गाडी वळवताना त्याने नेहमीसारखा हॉर्न वाजवला नाही. सुचिताने त्याचं वाढलेलं ताट झाकून ठेवलं आणि मोरीशी जाऊन तोंडावर पाणी मारलं.

बाहेर आली तर माडांखालच्या खोलीत कमळ पिशव्या भरत होती. देवाची तसबीर फडक्यात बांधून झाली होती, झोळीची साडी घडी करून वर ठेवली होती.

"हे काय?"

"बाई गयी ना," कमळ म्हणाली. "अब वापस."

"कुणी सांगितलं तुला?"

"चंदरने. कल ही बोला था, बाई के लिए है, फिर वापस जायेगा." ती हसली, सुचिताची समजूत काढावी तशी. "मेरे को पता था, वैनी. पण एक रात्र मिळाली ना. रातभर नही खांसी ये. मैं जागी रही, देखती रही. नींद ही नही आयी मेरे को, इतना अच्छा लगा."

सुचिता उंबऱ्यावर बसली. रात्रभर तिला वाटत होतं की आपण हिच्यापासून काहीतरी लपवतोय. आणि ही जागी होती. सगळं माहीत असून जागी होती, मिळालेली एक रात्र वाया जाऊ नये म्हणून.

"बोचकं खाली ठेव," ती म्हणाली.

"साहब गुस्सा करेंगे."

"करू देत. तू खाली ठेव."

दत्तात्रेय ओटीवर येरझारा घालत होता. तिला बघून थांबला. "झालं ना मनासारखं? परदेशचं गिऱ्हाईक गेलं. आता निदान खोल्या तरी मोकळ्या होऊ देत. शनिवारी पाहुणे आहेत."

"पाहुण्यांना नाही सांगा."

"काय?"

"नवीन खोली होईस्तोवर ती दोघं तिथंच राहतील. मी नाही त्या बाळाला वर पाठवणार."

"सुचिता, डोकं ठिकाणावर आहे का? आईच्या नावाची—"

"शेड वाईट हाय म्हनायचं का तुला?"

दोघंही वळली. बुधाजी भिंतीला धरून उभे होते. सकाळी बाईने शेडचे फोटो काढले तेव्हा ते दुरून बघत होते.

"आबा, मी तसं नाही—"

"मी बांधलीय ती." त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि पायऱ्या उतरू लागले.

"अहो, उन्हाचं कुठं चाललात?" दत्तात्रेय म्हणाला. त्यांनी हात झटकला. सुचिता पदर डोक्यावर घेऊन मागोमाग गेली. तिने त्यांना धरलं नाही, पण दोन पावलांवर राहिली.

शेडपाशी पोचल्यावर बुधाजींनी काठी भिंतीवर टेकवली आणि चिऱ्यावरून हात फिरवला. मग आत गेले. "दार लोट," ते आतून म्हणाले.

"आबा, गुदमरायला होईल."

"लोट म्हनतो ना."

सुचिताने आत येऊन दार लोटलं. अंधार झाला. उलट्या खोक्यांवर बुधाजी बसले. ती शेजारी टेकली. डबे काल हलवले होते, तरी दर्प होताच. जमिनीत मुरला असावा. वर पत्रा उन्हाने टकटक वाजत होता. थोड्या वेळाने घामाची धार तिच्या पाठीवरून खाली उतरली. म्हाताऱ्याचा श्वास तिला ऐकू येत होता, आधी संथ, मग जोरात.

"सत्या चिरे डोक्यावरून आणायची," ते अंधारात म्हणाले. "मी लावायचो. दत्ता तवा पाळण्यात होता. खाली जांभळीला बांधलेला पाळना."

"सांगायच्या सासूबाई."

"खिडकी ठेव म्हनाली होती. मी न्हाय ठेवली." ते थांबले. खोकले. सुचिताने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सदरा भिजून चिंब होता. "आंब्याची खोली ही, पोरी. अढी घालायला बांधलेली. वारा लागला तर आंबा सारखा पिकत न्हाय, म्हनून खिडकी न्हाय ठेवली. ऊब राहायला पायजे, एवढाच इचार केलेला मी. माझं काय चुकलं त्यात? आंब्याला बरोबर हाय ही."

"बरोबर आहे, आबा."

"मग गडी ठेवला कोनी हितं?"

कुणीच ठेवला नव्हता. अढी घालणं बंद झालं, आंबा सगळा खोक्यांतून जायला लागला, खोली रिकामी पडली. एका पावसाळ्याच्या तोंडाला चंदरची खोपी उडाली, तो आत आला आणि राहिला. मग औषधं आली, मग कमळ, मग सानू. कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून कुणाला मोडावंसंही वाटलं नव्हतं.

बुधाजींनी हाताने चाचपत काठी शोधली. काठी बाहेर राहिली होती. सुचिताने त्यांना उठवलं, दार ढकललं, आणि दोघंही उजेडात डोळे मिचकावत उभी राहिली. समोर दत्तात्रेय होता. तोही कधीचा मागोमाग येऊन उन्हात उभा असावा. बापाचा भिजलेला सदरा, लाल झालेले डोळे त्याने बघितले आणि पुढे होऊन त्यांचा दुसरा हात धरला.

"पाव्हण्यांना नको म्हनून सांग, दत्ता," बुधाजी म्हणाले. "तुझ्या आईचं नाव हाय दारावर. तान्हं पोर घरातनं काढलेलं तिला चाललं नसतं."

"सांगतो, आबा," दत्तात्रेय म्हणाला. मग सुचिताकडे बघून जरा घुटमळत, "जांभळीच्या खाली जागा मोकळी आहे. वारा लागेल तिथं."

मग काम सुरू झालं. गवंडी परत बोलावला. पुढच्या रविवारी फाटक वाजलं आणि प्रज्योतचा टेम्पो आत आला: संडासाचं भांडं, पाण्याची टाकी, दोन लोखंडी खाटा. सुचिताशी न बोलता त्याने सगळं उतरवून घेतलं. दुपारी ती मजुरांसाठी चहा घेऊन गेली तर हा जांभळीच्या मुळावर बसला होता आणि सानू त्याच्या शर्टाचं बटण ओढत होती.

"आमच्या यार्डात ड्रायव्हर लोक केबिनमध्येच झोपतात, वैनी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "दोन-दोन दिवस. कोण विचारत नाही त्यांना, आंघोळ कुठं केलीस. रोज बघून बघून मला ते तसंच असतं, असं वाटायला लागलं होतं."

सुचिताने त्याच्या हातात कप दिला. "राग गेला?"

"नाही गेला." त्याने चहाचा घोट घेतला. "जेवायला काय आहे?"

पहिला तोडा वाशीच्या बाजारातच गेला, ते काही टळलं नाही. हेमाली परत आली आणि पुढचा आंबा बंदरावरून गेला, पण ती नंतरची गोष्ट. त्याआधी खोली उभी राहिली. खिडकी कुठे ठेवायची ते दत्तात्रेयने कमळला विचारलं. तिने विहिरीकडची बाजू दाखवली. पाणी भरताना बाळ दिसावं म्हणून. चंदरला विचारलं, तुला काय हवं, तर तो बराच वेळ पायाने माती उकरत राहिला आणि म्हणाला, "दाराला कडी. अंदर से." शेडला आतून कडी कधी नव्हतीच. आंब्यांना कशाला लागते आतून कडी? दत्तात्रेय स्वतः मुरुडला जाऊन पितळेची, चांगली जाड कडी घेऊन आला.

राहायला जायच्या दिवशी सुचिताने दारात रांगोळी काढली. दूध उतू घालवायला पातेलं काढलं. घरची सगळी जमली. बुधाजी धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन पुढे उभे राहिले. चंदर आधी सामान आत ठेवून बाहेर आला. मग कमळ सानूला घेऊन उंबरा ओलांडून आत गेली, खिडकीपाशी गेली, भिंतीला हात लावला. मागे वळून तिने दाराकडे बघितलं. आणि काय तिच्या मनात आलं कुणास ठाऊक, तिने दार ओढून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

बाहेर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. चंदर ओशाळला, पुढे झाला. "कमला! सब लोग खडे है!"

"अगं, नारळ फोडायचाय—" दत्तात्रेयने दार वाजवायला हात उचलला.

"ऱ्हाऊ दे," बुधाजी म्हणाले.

ते नारळ मांडीवर घेऊन हळूच पायरीवर बसले. सुचिता त्यांच्या शेजारी बसली. प्रज्योतने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग तोही चंदरला शेजारी घेऊन बसला. आतून कमळचा आवाज येत होता. लेकीशी ती तिच्या बोलीत काहीतरी बोलत होती, थांबत होती, हसत होती. शब्द कुणालाच कळत नव्हते.

"तिचं दार हाय," बुधाजी म्हणाले. "उघडील तवा आपन जाऊ."